खाडा पडू देऊ नका

सगळ्यात आधी पहाटे चारला उठायला शिका. साडेचार पण चालतंय, पण साडेचारला उठणारा माणूस फार तर टीम लीड होतो, फाउंडर होत नाही. उठलं की गार पाण्यानं अंघोळ, मग डायरीत तीन गोष्टींचे आभार, मग त्या डायरीचा फोटो. फोटो राहिला तर उठलेलं पाण्यात गेलं समजा.

मी स्वतः करून बघितलंय म्हणून सांगतोय. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरूनच. जानेवारीत एकदा साडेचारला बूट घालून बाहेर पडलो, मनात असं की आख्खी सांगली घोरत पडलीय आणि आपण एकटेच आयुष्यात पुढं चाललोय. बायपासला आलो तर समोरनं बैलगाड्या. रिकाम्या, ऊसतोडीला फडाकडं निघालेल्या, एकामागं एक सात-आठ, बीडकडची माणसं, बायकांच्या मांडीवर कोयते आणि कोयत्यांच्या शेजारी पोरं झोपलेली. एका गाडीवानानं विचारलं, "साहेब, एवढ्या पहाटं कुठं?" म्हटलं, चालायला. "कामाला न्हाई?" म्हटलं, नाही ओ, असंच.

"मग झोपायचं की," म्हणाला आणि गाडी पुढं गेली.

माइंडसेटच नाही हो लोकांना.

पण मग मी त्या माणसाकडनंच शिकायचं ठरवलं, कारण हसल कल्चर, म्हणजे रात्रंदिवस राबायचं आणि ते मिरवायचं, हे अमेरिकेतनं आलं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आपल्याच मातीचा अपमान करताय. सगळं आपल्याकडं आधीपासून होतं, फक्त गळ्यात ओळखपत्राची पट्टी नव्हती. आता बघा, उसाचा सीझन सुरू व्हायच्या आधी मजूर जमवणारा मुकादम घरी येऊन उचल देतो. एकरकमी पैसे, लग्नाला नाहीतर दवाखान्याला लागलेले, आणि मग ती उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने ऊस तोडायचा. मला पण मिळालीय उचल. आमच्याकडं तिला जॉइनिंग बोनस म्हणतात, दीड वर्षाच्या आत सोडलं तर सगळा परत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात, आमच्याकडं रिसोर्स. आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड पण, मग ताप असू दे, पाळी असू दे, काही असू दे. बीडच्या कित्येक बायकांनी खाडा पडू नये म्हणून गर्भपिशवीच काढून टाकली, हे २०१९ साली पेपरात आलं, सरकारनं चौकशीला समिती नेमली.

इथं मला काही विनोद सुचत नाही. पुढं जाऊ.

तर तास किती करायचे? इन्फोसिसवाल्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. तेव्हा मला वाटलं, झालं, हीच हद्द. पण जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे चेअरमन ९० तासांवर गेले, रविवारी पण काम करा म्हणाले, घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत बसणार, असा प्रश्नही त्यांनी विचारला. मी गणित घातलं. आठवड्याचे १६८ तास, त्यातले ९० कंपनीला, सात तासांप्रमाणे ४९ झोपेला, राहिले २९. म्हणजे दिवसाला चार तास आणि थोडी मिनिटं, त्यात संडास, अंघोळ, तीन वेळचं खाणं, गॅसचा नंबर लावणं, आईच्या गोळ्या, आणि उरलाच वेळ तर बायकोकडं बघणं. बायको म्हणाली, तू बघू नको, पण भांडी तरी घास.

तरी पण ९० ला काही अर्थ नाही राव. फडात दिवसाला बारा-चौदा तास जातात आणि सुट्टी म्हणजे खाडा, चौदा साते अठ्ठ्याण्णव, म्हणजे चेअरमनसाहेबांचा विक्रम आमच्या बैलगाडीवाल्यांनी कधीच मोडलाय. देशप्रगतीबद्दल त्यांचा सत्कार कुणी केलेला मला तरी आठवत नाही. फेटा, नारळ, काहीच नाही.

काही लोक तुम्हाला घाबरवतील. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून आकडे काढले की जास्त तास काम केल्यामुळं एकट्या २०१६ साली जगात ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघात आणि हृदयविकारानं गेली. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त. असं काही वाचलं की लगेच ते पान बंद करा आणि एखादं रील बघा. मला गेल्या वर्षी छातीत दुखलं तेव्हा मी ईसीजी काढता काढता विचारलं होतं की एक हात मोकळा ठेवता येईल का, मेसेज आलाय. सिस्टर जे बोलली ते इथं लिहिता येत नाही, मिरजेची होती.

नातेवाइकांचं काय करायचं, तर त्यांना कॅलेंडरवर टाका. माझे मामा गेले तेव्हा दहाव्याला हरिपूरच्या संगमावर पिंड ठेवलेला आणि कावळा काही शिवेना. सगळे हात जोडून उभे. थोरला म्हणाला, दादा, बांधाचं भांडण मिटवतो. शिवेना. धाकट्याचं लग्न करतो. शिवेना. मी जरा बाजूला चिंचेखाली क्लायंटच्या कॉलवर, कॅमेरा बंद, अपडेट द्यायला अनम्यूट केलं तर कावळ्यांचा आवाज पलीकडं गेला आणि क्लायंट म्हणाला, वा, निसर्गाच्या सान्निध्यात आहेस वाटतं. तेवढ्यात मामी तिथनं ओरडली, "अरं तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा, ठेव की तो फोन!" मी कॉल कट केला. खोटं नाही सांगत, कावळा बसला.

दोन मिनिटांनी मी परत जॉइन झालो. मामांना आता कुठं कळणार होतं.

मामांचं उदाहरण मुद्दाम देतोय, असं होऊ नका. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलं, फॅक्टरी कायद्यातला ४८ तासांचा माणूस, त्याच्या पुढं एक तास वर गेला तर ओव्हरटाइम मागायचा. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत, दुपारी पंख्याखाली उघड्या अंगानं आडवे, संध्याकाळी आम्हा पोरांना घेऊन आमराई आणि येताना भडंग. एक साइड इनकम नाही. पर्सनल ब्रँड तर शून्य, तरी दहाव्याला दोनशे माणूस कसं आलं हे मला अजून कळलेलं नाही.

तो रविवार पण फुकट आलेला नव्हता म्हणे. नारायण मेघाजी लोखंडे म्हणून जोतीराव फुल्यांचे सहकारी, त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, अर्ज केले, सभा घेतल्या आणि १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. सहा वर्षं! एका दिवसासाठी! तेवढ्यात माणसानं तीन स्टार्टअप बुडवले असते. आणि जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे हे आळशीपणाचं बी पण आपल्याच पट्ट्यातलं. तुम्ही रविवारी लॅपटॉप उघडता तेव्हा हा सगळा खटाटोप एका क्लिकवर परत देता, तेही कुणी मागितलेला नसताना. म्हणजे कधी कधी मागितलेला असतो, पण प्रेमानं.

आता मानवजातीचं भवितव्य. केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९३० मध्ये लिहून ठेवलंय की शंभर वर्षांत यंत्रं एवढी पुढं जातील की माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल, आणि मोकळ्या वेळाचं करायचं काय हाच प्रश्न पडेल. शंभर वर्षं २०३० ला भरतात, म्हणजे अजून आशा सोडायची नाही. माझे १५ तास मंगळवारी दुपारच्या आत संपतात.

आणि यंत्रं आली नाहीत असं नाही. एआयमुळं माझं दोन दिवसांचं काम दोन तासांत झालं आणि मी ते हौसेनं मॅनेजरला सांगितलं. ही चूक तुम्ही करू नका. पुढच्या सोमवारपासून टार्गेट चौपट. इकडं फडात ऊसतोडणीचं हार्वेस्टर आलंय, ते चालू झालं की तोडवाले बांधावर उभे राहून बघतात, पण कुणी म्हणत नाही की चला, आता चार तास कमी तोडायचं, पोरं कारखान्यावरच्या साखरशाळेत सोडू आणि जरा पाठ टेकू. त्यांच्या पोटात गोळा येतो की पुढच्या सीझनला मुकादम येईल का. एकाच्या यंत्रानं काम वाढतं, दुसऱ्याच्या यंत्रानं पोट जातं, आणि दोन्हीकडनं वाचलेला वेळ कुठल्या गोडाउनमध्ये साठवून ठेवलाय हे एकदा कुणीतरी दाखवायला पाहिजे, मी स्वखर्चानं यायला तयार आहे.

असो. आज रविवार. सकाळी मॅनेजरचा मेसेज आला, फक्त दोन तास हवेत, घरीच तर आहेस. मी बराच वेळ टाइप करत होतो, खोडत होतो. शेवटी मराठीतच पाठवलं: खाडा लावा.

तो कोइमतूरचा आहे, त्याला काही कळलं नसणार. खाली अंगठा टाकलाय नुसता. आता तो होकाराचा आहे का आपला मराठी अंगठा आहे ते उद्या कळेल. बायको म्हणतीय भडंग नरम पडायच्या आत कांदा चिर.