उंच धन आणि ट्यूबलाइट

सदाशिव पेठेतला आमचा फ्लॅट तळमजल्याला, समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर, त्यामुळे भर दुपारी बाराला पण ट्यूबलाइट लावावी लागते, आणि तरी नवरात्रात घटाचं धन अख्ख्या सोसायटीत सगळ्यात उंच येतं ते आमच्याकडे. सासूबाई म्हणतात देवीची कृपा. आणि मी पडले बॉटनीत एमएस्सी.

पाचव्या माळेपासून बायका दर्शनाला येतात, देवीला घाईघाईत नमस्कार आणि मग नजर परडीवर. "अगंबाई, वीतभर झालं की! आमचं अजून बोटभरच." वरच्या काकूंचा देव्हारा गॅलरीच्या दाराशी आहे, भरपूर उजेड, त्यामुळे त्यांचे कोंब बुटके, जाड, हिरवेगार, म्हणजे तब्येतीने ठणठणीत. आमचे पिवळेफटक, लुकडे, हात लागला की आडवे. पण मार्क उंचीला!

अहो, अंधारात बी आपला साठवलेला सगळा शिधा उंचीवरच उडवतं, कुठेतरी वर उजेड असेल म्हणून. ऑक्सिन, जिबरेलिन वगैरे हार्मोन्स पेशी ताणत सुटतात आणि हिरवं व्हायचं नंतर बघू. उजेड पडला की फायटोक्रोम नावाचं प्रोटीन लाल प्रकाश ओळखतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि उंची वाढवणाऱ्या प्रोटीन्सचा निकाल लावतं, मग वाढीला ब्रेक. परडीतले मूग बघा, मातीतून येतात ते फोटोतल्या नव्या नवरीसारखे मान खाली घालून, टोक खरचटू नये म्हणून, उजेड लागला की मगच मान वर. आणि उंच म्हणजे चांगलंच असं कुठंय? 1926 मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की भाताची काही रोपं वेड्यासारखी वाढतात ती एका बुरशीतल्या रसायनामुळे, तेच पुढे जिबरेलिन म्हणून ओळखलं गेलं.

हे घरात कोणाला सांगणार? एकदा म्हटलं, "आई, डार्विनने 1880 च्या पुस्तकात लिहिलंय, गवताच्या कोंबांच्या टोकांना टोप्या घातल्या तर ते उजेडाकडे वळेनात." त्या म्हणाल्या, "आपल्यात उलटं गं, दसऱ्याला धनच टोपीत खोवतात." विषय संपला.

त्यात घट बसला की हलवायचा नाही, त्यामुळे सगळे कोंब खिडकीकडे झुकलेले. सावलीच्या बाजूला ऑक्सिन जास्त जमतं, ती बाजू जास्त वाढते, कोंब उजेडाकडे वाकतो, इतकं साधं. पण शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला, "कसं भक्तीने वाकलंय बघा!" ती खिडकी डक्टमधल्या संडासाच्या पायपांकडे उघडते. मी गप्प.

मग काकूंनी विचारलं, खत कुठलं घालता? सासूबाई म्हणाल्या, हिला विचारा, हिचं शिक्षण त्यातलंच. मी आपलं खरं ते सांगितलं, की उजेड बंद करा. यंदा काकूंच्या देव्हाऱ्याला जाड पडदे आणि त्यांचं धन आमच्या पुढे! सासूबाईंनी ट्यूबलाइट बंद केलीये, फक्त नंदादीप. देव्हारा स्वयंपाकघरातच, त्यामुळे पोळ्या मी मोबाइलच्या टॉर्चवर लाटतेय, तोही परडीकडे पाठ करून.