किर्चनरचं बर्लिन: आधी साल बघा

एर्न्स्ट लुडविग किर्चनरच्या रस्त्यावरच्या बायकांची चित्रं आणि खाली चार ओळी, हा मजकूर या महिन्यात तिसऱ्यांदा फोनवर आला. म्हणे, महायुद्धाने खचलेल्या या जर्मन चित्रकाराने बड्या घरच्या बायकांची फॅशन भावनेच्या भरात, एका बैठकीत रंगवली, कारण त्याला शहराची घृणा होती. चारही गोष्टी चूक.

युद्धाचं आधी. कोलोनमधलं ‘रस्त्यावरच्या पाच बायका’ 1913 चं. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयातलं ‘रस्ता, बर्लिन’ही 1913 चंच. युद्ध पेटलं ऑगस्ट 1914 मध्ये. किर्चनर सैन्यात गेला 1915 मध्ये आणि काही महिन्यांत मनाने कोसळून परतला. त्या कोसळण्याचं चित्र वेगळंच आहे: सैनिकाच्या वेशातला तो स्वतः, उजवा हात मनगटापासून तुटलेला. (खरा हात शाबूत होता.) 1911 मध्ये तो ड्रेस्डेन सोडून वीस लाखांच्या बर्लिनमध्ये आला, 1913 मध्ये त्याचा ‘ब्रूके’ हा चित्रकारांचा गट फुटला. चित्रांतले टोकदार कोन तिथून आलेत, खंदकांतून नाही.

बड्या घरच्या बायका? त्या वेश्या आहेत. किर्चनर स्वतः त्यांना ‘कोकोट’ म्हणायचा. ‘पाच बायका’ नीट बघा: हिरव्या-पिवळ्या उजेडात काळे, निमुळते देह, डोक्यावर पिसांच्या टोप्या, एका कडेला मोटारीचं चाक, दुसऱ्या कडेला दुकानाची काच. गिऱ्हाईक चित्रात कुठेच नाही, ते चाक तेवढं आहे. काचेतला माल आणि काचेबाहेरच्या बायका यांत फरक उरत नाही, हीच चित्राची गंमत, आणि मजकूर नेमका तिथेच भुलला.

एका बैठकीचं तर बोलूच नये. रस्त्यावर भराभर काढलेल्या रेखाटनांनी त्याच्या वह्या भरल्या होत्या. शिवाय पेस्टल, लाकडी ठसे, एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून काढलेले ठसे). नर्तकी बहिणी एर्ना आणि गेर्डा शिलिंग त्याच्यासाठी बसायच्या. जुनं चित्र पुन्हा हातात घ्यायची खोडही होती: ड्रेस्डेनच्या रस्त्याचं 1908 चं चित्र त्याने 1919 मध्ये पुन्हा रंगवलं आणि वर साल टाकलं 1907! पठ्ठ्या. म्हणूनच मोमा त्या चित्रापाशी तिन्ही सालं देतं, नुसत्या त्याच्या अक्षरावर विसंबत नाही.

उरली घृणा. ‘पॉट्सडामर प्लात्झ’ हे बर्लिनच्या त्या नावाच्या चौकाचं चित्र 1914 चं, दोन मीटर उंच. दोन बायका रस्त्यामधल्या गोल बेटावर उभ्या, आणि ते बेट असं कललंय की आता फिरायला लागेल. रस्ता हिरवा, मागे स्टेशनची लाल इमारत. एकीच्या तोंडावर विधवेची जाळी आहे. युद्ध सुरू झाल्यावर काही वेश्या विधवेच्या वेशात उभ्या राहत, असा अर्थ अभ्यासक लावतात. तेव्हा युद्धाची सावली या एका चित्रावर पडली असेल, हे मी मान्य करतो. पण घृणा असलेला माणूस त्या जाळीवर इतका जीव ओतत नाही. आणि मागच्या फुटपाथच्या टोकावरचा तो पुरुष बघा, कंपाससारखी तंगडी फाकवून रस्त्यात उतरतोय.