बोन्साय म्हणजे झाडाचा छळ? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

सत्तरी ओलांडल्याचं आणि गुहागरच्या बाजूला हापूसची बाग असल्याचं तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंय, म्हणून काका म्हणते. तुमचं म्हणणं दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, तेव्हा सविस्तर लिहिते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाऱ्यानं एका अंगाला वाढल्यासारखं घडवलेल्या सुरूच्या बोन्सायबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात की झाडाला तार गुंडाळायची, मुळं छाटायची, उपाशी ठेवायचं आणि त्या खुरटलेल्या जिवाला सुंदर म्हणायचं, हा छळ आहे. देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या राईत, आभाळाला टेकलेली झाडं असताना कुंडीत काय बघायचं? आणि वाऱ्यानं वाकलेलं झाडच हवं असेल तर सड्यावर, कातळाच्या पठारावर जा, फुकट दिसेल.

सड्यापासूनच सुरुवात करते. तिथे जावंच, आणि नुसतं जाऊ नये, तर झुडपापाशी बसून बघावं. रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याकडे, जयगडच्या टोकाला, देवगडच्या दीपगृहाच्या बाजूला समुद्राच्या तोंडावर उभी असलेली करवंदीची, अंजनीची झुडपं बघा. उंची गुडघ्याएवढी, आणि बुंधा मात्र म्हाताऱ्या झाडाचा. वाऱ्यानं झाड वाकवलं असं आपण सहज म्हणून जातो. पण वारा वाकवण्यापेक्षा छाटणीचं काम जास्त करतो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा लाटांचे खारे तुषार कड्यावर आणतो. समुद्राकडच्या अंगाचे कोवळे फुटवे करपतात, आडोशाच्या अंगाचे वाचतात. दर पावसाळ्यात हेच होत राहतं. त्यामुळे ते झाड वाकलेलं नसतंच. ते एकाच अंगाला वाढत गेलेलं असतं. खाली कातळ असल्यानं मूळ खोल जाऊ शकत नाही, म्हणून ते फटीफटीतून आडवं पसरतं आणि बुंध्याशी जाड होऊन कातळाला धरून ठेवतं.

हे एकदा नीट पाहिलं की जपानी मंडळी ज्याला फुकिनागाशी म्हणतात त्या, वाऱ्यानं एका अंगाला वाढलेल्या झाडाच्या शैलीतलं बोन्साय चांगलं कधी आणि वाईट कधी, हे कुणी शिकवावं लागत नाही. वाईट बोन्सायमध्ये सगळ्या फांद्या तारेनं एका दिशेला ओढलेल्या असतात आणि झाड आत्ता वादळात सापडल्यासारखं दिसतं. चांगल्यात वारा थांबलेला असतो, तरी त्याचा सगळा इतिहास खोडावर वाचता येतो. समुद्राकडच्या बाजूला एखादी आखूड, वाळलेली खुंटी राहिलेली असते. खोडाचा झोक, जाड फांद्यांचं वळण आणि शेवटच्या बारीक काड्या, तिघांचीही दिशा एकच असते. पण फांद्यांची लांबी सारखी नसते, कारण वारा कधी सगळ्यांना सारखी वागणूक देत नाही. मी लिहिलं ते सुरूचं झाड मला सुंदर वाटलं ते यासाठी. ते लहान आहे म्हणून नव्हे. ज्यानं ते घडवलं त्यानं किनाऱ्यावरची सुरूची झाडं किती निरखली असतील, ते त्याच्या प्रत्येक फांदीत दिसत होतं. सड्यावर हजार गोष्टी एकदम समोर असतात. बोन्साय करणाऱ्याला त्यांतल्या चार-पाच निवडाव्या लागतात आणि बाकीच्या सोडाव्या लागतात. कला आहे ती या निवडीत, आणि सड्यावरचं झाड कितीही देखणं असलं तरी ही निवड तिथे बघायला मिळत नाही.

आता छळाबद्दल. काका, तुम्ही बागायतदार आहात, म्हणून तुमच्याशी हे सरळ बोलता येईल. कोय कलम करताना आपण काय करतो? नुकत्या उगवलेल्या रोपाचा शेंडा उडवतो, खोडाला चीर देतो, त्यात हापूसची काडी बसवून पट्टी बांधतो. जुनी बाग दाटली की मोठमोठ्या फांद्या करवतीनं उतरवून झाड उघडं करतो, आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणतो. पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार ओततो. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होण्याला अडवतं, पालवी आवरते आणि मोहोर येतो. यात काही पाप आहे असं मी म्हणत नाही. माझं घर याच आंब्यावर चाललं आहे. पण फळासाठी केलेली छाटणी शेती आणि रूपासाठी केलेली छाटणी छळ, हा भेद झाडाच्या बाजूनं करता येत नाही. शेंडा कापला की वरून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक थांबतं आणि बाजूचे झोपलेले डोळे फुटतात. हा झाडाचा स्वतःचा स्वभाव आहे. गुरानं शेंडा खाल्ला तरी तेच होतं. मुळं छाटली की जाड मुळाच्या जागी बारीक तंतुमुळांचा झुबका येतो, आणि पाणी-अन्न घेणारी मुळं तीच असतात.

उपाशी ठेवण्याची समजूत मात्र खोडून काढायलाच हवी, कारण तिच्यापायी नवशिके लोक झाडं मारतात. बोन्साय लहान राहतं ते छाटणीमुळे, उपासमारीमुळे नाही. उथळ कुंडीत माती मूठभर, आणि आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. त्या पाण्याबरोबर खत वाहून जातं, म्हणून या झाडाला बागेतल्या झाडापेक्षा जास्त वेळा खायला घालावं लागतं. पानं लहान होतात ती फांद्यांना पुन्हापुन्हा फाटे फुटल्यानं आणि भरपूर उन्हानं. फळ तर लहान होतच नाही, कुंडीतल्या उंबरालाही नेहमीएवढंच फळ धरतं. म्हणून बारीक पानाचं नांदरूक (वडाच्याच जातीचं झाड), चिंच, करवंद ही झाडं बोन्सायला शोभतात, आणि पिंपळाचं भलंमोठं पान वीतभर खोडावर ओझं वाटतं. पिंपळाची बोन्साय पुष्कळ लोक करतात, मला त्यांतली फारच थोडी आवडली आहेत.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय आहे. १६२५ पासून ते घडवलं जातंय असं मानतात. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबात ते पिढ्यान्‌पिढ्या होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा हे झाड तिथून तीनेक किलोमीटरवर, घराच्या आवारातल्या भिंतीआड होतं, आणि वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला आले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना हे समजलं. छळलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही, काका. एवढ्या काळात कुणीतरी रोज त्याला पाणी घातलंय. उन्हाळ्यात चार दिवसांचं दुर्लक्षसुद्धा कुंडीतल्या झाडाला मरायला पुरतं.

तुमचा राग जिथे शंभर टक्के योग्य आहे ते आता सांगते, कारण त्यावर मीही गप्प बसू इच्छित नाही. बाजारात बोन्साय म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं बघवत नाही. इंग्रजी एस अक्षरासारखं वळवलेलं खोड, वर पानांचा गोळा, आणि सालीत रुतलेली तार. आपल्या हवेत पावसाळ्यात वडाच्या जातीची झाडं इतकी झपाट्यानं जाड होतात की काही आठवड्यांत तार चावायला लागते; ती वेळेवर कापून काढली नाही तर तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. अशा झाडाकडे बघून तुम्हाला छळ आठवत असेल तर तुमची नजर बरोबर आहे. त्याहून वाईट म्हणजे सड्यावरची अंजनी, करवंदी मुळासकट उपटून आणणं. त्यातली बहुतेक मरतात, आणि त्या कातळावर पुन्हा तसं झाड उभं राहायला एक पिढी जाईल. ज्याला सड्यावरच्या झाडासारखं बोन्साय हवंय त्यानं बीपासून किंवा फांदीपासून करावं.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती जाताजाता लिहून टाकते. हल्ली आपल्याकडेही वडाच्या, नांदरुकाच्या बोन्सायवर साल सोलून पांढरं वाळकं लाकूड दाखवतात. थंड, कोरड्या डोंगरावरच्या जुनिपर या सूचिपर्णी झाडाला ते शोभतं, कारण तिथे वाळलेलं लाकूड शतकभर टिकतं. कोकणात वडाची फांदी मेली की बुरशी लागते आणि ती कुजून गळते. आपल्या वडाचं म्हातारपण दिसतं ते पारंब्यांत. कुंडीतल्या वडालाही ओलसर हवेत पारंब्या येतात. त्यांना मातीपर्यंत पोचवायचं असेल तर ओलं शेवाळ भरलेल्या नळीतून खाली आणतात. तो वड आपल्या मातीतला वाटतो.

देवरहाटीबद्दल तुम्ही लिहिलंत, तर अमेरिकेतले बोन्साय कलाकार जॉन नाका यांचं ‘गोशिन’ हे बोन्साय जरूर बघा, त्याचे फोटो सहज मिळतात. जपानमधल्या एका देवस्थानाजवळची उंच झाडांची राई त्यांच्या मनात होती. त्यांनी एकाच पसरट कुंडीत जुनिपरची राई उभी केली, आणि वाढवत वाढवत नातवंडांइतकी, म्हणजे अकरा झाडं केली. १९८४ मध्ये त्यांनी ती दान केली. तिच्यात मधली खोडं सरळ आणि उंच आहेत, कडेची बारीक आणि बुटकी, एकही खोड दुसऱ्याला झाकत नाही, आणि त्यांच्यामध्ये जमीन मोकळी सोडलेली आहे. आपल्या देवरहाटीतही आतली झाडं उजेडासाठी सरळसोट चढलेली असतात आणि कडेची बाहेर झुकून खालपासून फांद्या धरतात. नाकांनी जे पाहिलं ते देवळाच्या वाटेवर आपणही पाहत आलोय. देवरहाटी तुटली तर असं काही घडवणाऱ्याला शिकायला जागाच राहणार नाही, म्हणून ती वाचवण्याच्या प्रत्येक प्रयत्नात मी तुमच्याबरोबर आहे.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही रागानं विचारलंय, “माझ्या विहिरीच्या चिऱ्यांत वड उगवलाय, तो आता तोडणारच आहे, त्याचं बोन्साय करू का?” मी याचं उत्तर अगदी मनापासून देते. करा. चिऱ्यांच्या फटीतला वड म्हणजे निम्मं काम भिंतीनंच केलेलं असतं, मुळं चपटी आणि वळणदार झालेली असतात. मिरगाचा पाऊस लागला की काढा, आधी नको. वरचं खोड वीतभर ठेवून कापा, चीक येईल तो ओल्या फडक्यानं पुसा. पानं राहिली नाहीत तरी चालेल, वडाला उघड्या खोडावर फूट येते. जाड मुळं कापा, बारीक सगळी जपा. लगेच शोभेच्या कुंडीत घालू नका. आंब्याची जुनी लाकडी पेटी घ्या, तिच्या फटींतून पाणी छान निघून जातं. तिच्यात जांभ्याचा चाळलेला खडा आणि विटांचा चुरा भरा, नवी पालवी येईपर्यंत खत अजिबात नको. खोड सुंभानं पेटीला घट्ट बांधा, कारण ते हललं तर नवी मुळं तुटतात. पागोळ्यांची धार पडणार नाही अशा जागी, पडवीच्या कडेला ठेवा. पुढच्या मिरगापर्यंत तार आणूसुद्धा नका. तोवर फूट चांगली आली असेल, तिचा चारी बाजूंनी फोटो पाठवा, म्हणजे पहिली फांदी कुठली ठेवायची ते आपण मिळून ठरवू.