कसारा–खोडाळा राइडच्या तक्रारीबद्दल, दुकानाकडून

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी आधी दुकानात वाचला आणि रात्री घरी गेल्यावर पुन्हा वाचला. तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत. जाहिरातीत ‘शांत घाटरस्ता’ म्हटलं होतं, पण सुरुवातीलाच ट्रकच्या बाजूने सायकल चालवावी लागली. भाड्याची सायकल चढाला जड गेली, तिचे ब्रेक नीट लागत नव्हते. वैतरणेच्या उतारावर चार वेळा थांबवलं आणि तुमच्या मुलाला पुढे जाऊ दिलं नाही. पैसे जव्हारपर्यंतचे घेतले आणि खोडाळ्यालाच सगळ्यांना टेम्पोत बसवलं. शेवटी तुम्ही लिहिलंत की यापेक्षा ठाण्यातल्या येऊरचा चढ फुकटात झाला असता.

ट्रकची आणि जड सायकलची चूक माझी आहे. ब्रेकच्या बाबतीत निम्मी माझी. थांबवणं आणि टेम्पोत बसवणं हे मात्र मी ठरवून केलं, आणि पुन्हा तसाच रविवार आला तर तेच करीन. इथे सविस्तर लिहितोय, कारण हे वाचून पुढच्या राइडला यायचं की नाही ते बाकीचे लोकही ठरवतील.

ट्रकचं आधी सांगतो. दर वेळी आम्ही सायकली टेम्पोतून जव्हार फाट्याच्या आत, म्हणजे महामार्ग सोडून जव्हारच्या रस्त्याला लागल्यावर उतरवतो. त्या दिवशी ठाण्यात वर्तकनगरहून निघायलाच अर्धा तास उशीर झाला. कसाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मला वाटलं, आता इथेच उतरवू, वेळ वाचेल. त्यामुळे नाशिक महामार्गाचा तुकडा तुमच्या वाट्याला आला. पहाटेच्या अंधारात, घाट चढायला गिअर बदलणाऱ्या कंटेनरच्या शेजारून नवख्या माणसाने सायकल काढणं मला स्वतःला पटत नाही, आणि ते मी तुम्हाला करायला लावलं. मनापासून माफी मागतो. त्या दिवसापासून टेम्पो फाटा ओलांडून आत गेल्याशिवाय एकही सायकल खाली उतरत नाही.

सायकल जड का गेली, ते दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चाक काढल्यावर कळलं. तुमच्या सायकलला मागे 11–32 ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच, सगळ्यात लहान चक्र 11 दात्यांचं, मोठं 32 चं) असायला हवी होती, निघाली 11–25 ची. आधीच्या आठवड्यात ती सायकल एकाने नवी मुंबईच्या सपाट पाम बीच रोडवर चालवायला नेली होती, त्याच्यासाठी बदललेली कॅसेट तशीच राहिली. सपाटीला फरक जाणवत नाही, घाटात सगळा फरक तिथेच. पुढे 34 दात्यांचं चक्र, मागे 32 चं, आणि मिनिटाला 60 वेळा पायडल फिरवलं तर सायकल ताशी आठ किलोमीटरने चढते. मागे 25 असेल तर तेवढ्याच फिरक्यांना ताशी दहाचा वेग ठेवावा लागतो. दोन किलोमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण उभ्या चढावर तेवढ्यासाठी पाव पट जास्त जोर लागतो. तो जोर नसेल तर पाय हळू फिरतात आणि भार गुडघ्यावर येतो. विहीगावच्या आधी तुमच्या पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा मी मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि ‘सवयीने होईल’ म्हणालो. ते बोलणं चुकलं. तुमची सवय कमी पडली नव्हती, सायकल चुकीची होती.

ब्रेकचं प्रकरण थोडं मोठं आहे. तुमच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे रबरं चाकाच्या धातूच्या कड्यावर (रिमवर) घासून सायकल थांबते. ती रबरं राइडच्या आदल्या दिवशी नवी घातली होती आणि तारा ताणलेल्या होत्या. तरीही ब्रेक लागत नाहीत असं तुम्हाला वाटलं, आणि ते खोटं नाही. विहीगाव सोडलं की रस्ता वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो, पूल ओलांडतो आणि खोडाळ्याकडे पुन्हा चढतो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, झाडाखालची वळणं ओली होती. ओल्या रिमवर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात, पकड त्यानंतर येते. ते कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून दोन्ही लिव्हर आवळून धरतो. तुम्ही वरून खालपर्यंत तशाच आवळून धरल्या होत्या. पहिल्या थांब्यावर मी तुमचा हातमोजा काढायला लावून रिमजवळ बोट न्यायला सांगितलं, आठवतंय? रिमला बोट टेकवता येत नव्हतं, आणि जळक्या रबराचा वास तुम्हालाच आधी आला.

इथे तुम्ही लिहिलेल्या येऊरचा संबंध येतो. येऊर मला जवळचं आहे, मी घाट चढायला तिथेच शिकलो. पण उपवनाकडून वर जाणारा तो चढ आखूड, म्हणून उतारही आखूड. दोन्ही ब्रेक आवळून खाली आलं तरी काही बिघडत नाही, आणि तीच सवय हाताला लागते. लांब घाटात ती सवय नडते. सायकलसकट 80 किलोचं वजन 200 मीटर खाली आलं आणि ती सगळी ताकद ब्रेकनेच अडवली, तर तेवढ्या उष्णतेवर अर्धा लिटर पाणी उकळतं. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ रिमनी ती उष्णता सोसायची असते आणि त्यांच्या आत हवा भरलेली ट्यूब असते. ट्यूब तापून फुटली तर ती उतारावरच फुटणार. म्हणून ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, वेग वळणाच्या आधी तोडायचा, वळणात बाहेरचा पाय खाली आणि लिव्हरवर बोट नुसतं टेकलेलं. हे मी तुम्हाला रस्त्यावर सांगितलं. सांगायला हवं होतं आदल्या शनिवारी ठाण्यात. निम्मी चूक माझी म्हणतो ती याचीच. चार थांबे रिम थंड व्हायला होते, तेही सुरू करायच्या आधी सांगितलं असतं तर तुम्हाला लहान मुलासारखं वागवल्याचं वाटलं नसतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. तो चांगला चालवतो, चढाला सगळ्यांच्या पुढे होता. त्याची स्वतःची सायकल डिस्क ब्रेकची आहे (त्यात ब्रेक रिमवर नाही, चाकाच्या मधल्या तबकडीवर लागतो) आणि तो मला हेच म्हणाला, ‘काका, माझे डिस्क आहेत, मला काय होणार?’ डिस्कमुळे रिम तापत नाही आणि ओल्यात ब्रेक लवकर लागतो, हे खरं. पण रस्त्याला धरून ठेवतो तो टायर, आणि शेवाळावर किंवा बारीक खडीवर डिस्कवाल्याचा टायरही तितकाच घसरतो. मग तो रॅमच्या, म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सायकल शर्यतीच्या गोष्टी सांगू लागला. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी 2015 साली दोघांच्या गटात अमेरिकेची ती शर्यत पूर्ण केली. त्यांचं नाव त्याने घेतलं याचा मला आनंदच झाला. पण त्याच शर्यतीत रात्री पाठीमागे गाडी असल्याशिवाय सायकल चालवता येत नाही, असा नियम आहे. ती माणसं वेगाने जातात ती पूर्ण तयारीनिशी, मागे आपली माणसं ठेवून. आमचा टेम्पो त्या वेळी पुलापाशी पुढे होता आणि फोनला रेंज नव्हती. तुमचा मुलगा मधल्या एखाद्या वळणावर पडला असता तर मला कळलं कधी असतं?

हे मी मनाने रचून सांगत नाही. दुकान काढायच्या आधी एका मित्राबरोबर जव्हारकडच्या अशाच उतारावर होतो. मी पुढे, तो मागे. वळणावर डांबरावर पसरलेली खडी मला दिसली, मी कडेने गेलो, आणि ओरडून सांगायच्या आत तो तिच्यावर आला. कॉलरबोन मोडलं. सव्वा तास एकही गाडी आली नाही. मग एक पिकअप आली, पाठीमागे भाताची पोती होती. त्याला पोत्यांवर बसवलं, मी शेजारी बसलो. प्रत्येक खड्ड्याला तो माझं मनगट आवळायचा, त्याच्या नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीही होत्या. तो रस्ता आम्ही शांत म्हणूनच निवडला होता. तिथे हॉर्न ऐकू येत नाहीत कारण गाड्या नाहीत, आणि गाड्या नसल्या की न्यायला येणारंही कुणी नसतं. खोडाळ्याहून मोठा दवाखाना म्हणजे पुढे जव्हार नाहीतर मागे शहापूर. एवढं डोक्यात ठेवूनच मी त्या रस्त्यावर माणसं नेतो.

मुलाला मी सगळ्यांसमोर चढ्या आवाजात बोललो, तसं बोलायला नको होतं. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्याला माझं ‘सॉरी’ कळवा. दुकानात आला तर मी स्वतः म्हणेन.

खोडाळ्याला राइड थांबवली ती आभाळामुळे. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस सकाळी काही कळू देत नाही. आपण हॉटेलात वडापाव खात होतो तेव्हा बाहेर कडक ऊन होतं, हे तुम्ही लिहिलंय आणि ते बरोबर आहे. पण हॉटेलवाल्या मावशींनी सूर्यमाळच्या बाजूला बोट दाखवून ‘आज लवकर येणार’ म्हटलं. त्यांचं घर तिथलं, माझं ठाण्यात. पुढचा रस्ता उघड्या माळावरून जातो. विजा सुरू झाल्या तर तिथे आडोसा म्हणजे एकटं झाड, आणि विजेत त्याच्याखाली कधीच उभं राहायचं नसतं. अकरा जणांना घेऊन मी ती जोखीम घेणार नव्हतो. टेम्पोत बसल्यावर काही वेळाने काचेवर पाण्याच्या धारा आल्या, पण त्या आल्या नसत्या तरी माझा निर्णय तोच होता.

पैशांचं असं करतो. सायकलभाड्याचे 900 रुपये पूर्ण परत, कारण सायकल चुकीची दिली. राइडच्या फीचे मात्र परत करत नाही. टेम्पो, मिस्त्री, नाश्ता आणि बरोबरची दोन माणसं यांचा खर्च खोडाळ्याला थांबल्याने कमी झाला नाही. पावसामुळे राइड मध्येच थांबू शकते आणि तेव्हा फी परत मिळत नाही, ही अट फॉर्मवर होती, पण मागच्या पानावर बारीक अक्षरात. आता ती पहिल्या पानावर, नाव लिहायच्या जागेच्या वर घेतली आहे. जाहिरातीतही बदल केलाय. ‘शांत घाटरस्ता’ या शब्दांखाली आता लिहिलंय की मध्ये मोबाईलला रेंज नाही, दवाखाना लांब आहे, उतारावर सगळे एकत्र थांबतात आणि पुढच्या माणसाला कुणी ओलांडत नाही. ज्यांना हे जमणार नाही ते आधीच नाही म्हणतील.

यापुढे घाटाच्या प्रत्येक राइडआधीच्या शनिवारी सकाळी सहा वाजता येऊरच्या पायथ्याशी एक तास उताराचा सराव ठेवतोय, नाव नोंदवलेल्या सगळ्यांसाठी. ब्रेक दाबून सोडायचा कसा, हँडलच्या खाली वळलेल्या भागात (ड्रॉपमध्ये) हात ठेवून नजर वळणाच्या पार कशी न्यायची, एवढंच. तुम्ही दोघं राइडला येणार नसलात तरी या तासाला या, त्याचे पैसे नाहीत. तुमच्या मापाची सायकल 11–32 लावून तयार ठेवली आहे, कॅसेट मी स्वतः मोजली.

900 रुपये तुम्ही ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात आज सकाळी पाठवले आहेत. संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत तर दुकानात फोन करा, नाहीतर घरी जाताना या. नऊपर्यंत उघडं असतं.