शाळा सुधारा, पण घरपट्टी सांभाळून

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात तुम्ही नुकतेच निवडून आला असाल आणि प्रचाराच्या भरात ‘सरकारी शाळांचा कायापालट करू’ असं बोलून बसला असाल, तर धीर सोडू नका. काम वाटतं तेवढं अवघड नाही. पथ्य एकच: शाळेचा पैसा कुठून येतो तिकडे बघायचं नाही. बाकी कशालाही खुशाल हात घाला.

पैशाचं गणित तरीही माहीत असलेलं बरं, म्हणजे ते टाळता येतं. शाळेवर खर्च होणाऱ्या 100 डॉलरपैकी ढोबळमानाने 45 राज्य देतं, जवळजवळ तेवढेच गाव स्वतः उभे करतं आणि 10च्या आसपास वॉशिंग्टनहून येतात. गावाचा वाटा म्हणजे मुख्यतः घरपट्टी. 10 लाखांच्या घरावर 1 टक्का लावला की 10,000 डॉलर, 2 लाखांच्या घरावर 2,000. पोहरा तोच, विहीर वेगळी.

हे अन्यायाचं आहे असं कोणी म्हणालं तर त्याला टेक्सासची गोष्ट ऐकवा. सॅन अँटोनिओत एजवुड हा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळा-विभाग. 1967-68 साली तिथले लोक 100 डॉलरच्या मालमत्तेमागे 1.05 डॉलर कर भरत. राज्याच्या योजनेतला आपला हिस्सा वळता केल्यावर विभागाकडे मुलामागे 26 डॉलर उरत. त्याच शहरातल्या अलामो हाइट्सचे लोक 85 सेंट भरत आणि त्यांच्याकडे 333 उरत. कर जास्त भरायचा आणि शाळा मात्र गळकी, हे एजवुडच्या पालकांना पटेना. ते कोर्टात गेले. 1973मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. हा निकाल चौकटीत बसवून कचेरीत लावा.

राज्याच्या कोर्टाची धास्ती वाटते? मग ओहायोकडे बघा. घरपट्टीवर फाजील भिस्त आहे म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या पैशाची पद्धत 1997 साली घटनाबाह्य ठरवली. 2000 साली पुन्हा ठरवली. 2002मध्ये पुन्हा. 2003मध्ये त्याच न्यायालयाने प्रकरण एकदाचं मिटवून टाकलं. तुम्ही फक्त दम धरायचा.

मतदारांचीही काळजी नको. न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाच विचारा, आधी शाळेचं रेटिंग बघतात आणि मग स्वयंपाकघर. रेटिंग चांगलं म्हणून घर महाग, घर महाग म्हणून घरपट्टी भरघोस, घरपट्टी भरघोस म्हणून रेटिंग चांगलं. या चक्रात काठी घालायला तुम्हाला कोणी निवडून दिलेलं नाही.

आता प्रत्यक्ष सुधारणा. सुरुवात परीक्षेपासून करा, कारण ती वर्ग बांधण्यापेक्षा स्वस्त पडते. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या 2002च्या कायद्याने हा रस्ता घालून दिला आहे: तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि 2014पर्यंत देशातलं 100 टक्के पोर प्रवीण. ऐकायला धडकी भरते, पण ‘प्रवीण’ कोणाला म्हणायचं हे मात्र राज्यानेच ठरवायचं होतं. खरी गंमत इथे आहे. पहिला उपाय म्हणजे पट्टी जरा खाली ठेवायची, उडी आपोआप उंच दिसते. दुसरा, उद्दिष्टाचा जिना असा बांधायचा की सुरुवातीच्या पायऱ्या चार बोटांच्या आणि शेवटच्या दोन-तीन पुरुषभर. त्या चढायची वेळ येईल तेव्हा खुर्चीत दुसरं कोणी असेल. तिसरा उपाय जरा नाजूक. गरीब, कृष्णवर्णीय, अपंग, इंग्रजी शिकणारी अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा दाखवायचा असतो, पण गट फार लहान असेल तर सूट मिळते. लहान म्हणजे किती, हेही राज्यच ठरवणार. आकडा 30 ऐवजी 45 धरा. कित्येक शाळांमधली नापास मुलं एका रात्रीत अदृश्य होतील आणि कोणाला एक तासही जादा शिकवावं लागणार नाही.

मुख्याध्यापकांसाठी वेगळी सूचना. जानेवारीत सराव परीक्षा घेऊन पेपरांचे तीन ढीग करा. वरचा ढीग तसाही पास होणार आहे, खालचा काही केल्या होणार नाही. दोघांनाही सोडून द्या. दोन-चार गुणांनी हुकणारी काठावरची मुलं तेवढी उचला आणि शाळेतले सगळे चांगले शिक्षक त्यांच्यामागे लावा. वेळ चित्रकला, इतिहास आणि मधल्या सुट्टीतून काढता येतो. खोडरबर मात्र मुलांच्याच हातात राहू द्या. अटलांटात 2011च्या सरकारी चौकशीत 44 शाळांत गडबड आढळली आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं निघाली; चुकीची उत्तरं पुसून बरोबर केली होती. 2015मध्ये त्यांतल्या 11 जणांना संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं. पट्टी खाली आणणाऱ्या राज्यांवर असा खटला कोणी भरला नाही, याची नोंद घ्या.

2014 उजाडलंच तर? काही होत नाही. तोवर चाळीसहून अधिक राज्यांना या 100 टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली होती, आणि 2015च्या अखेरीस कायदाच बदलला.

यंत्रांचाही विचार करा. लॉस एंजेलिसने 2013मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचं ठरवलं, तेही इमारतींसाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या पैशातून. कर्ज फिटायला काही दशकं, यंत्र टिकणार तीन-चार वर्षं. मुलांनी काही दिवसांतच सेटिंगमधली प्रोफाइल पुसून सुरक्षा-कुलूप उघडलं आणि पुढच्या वर्षी कंत्राट थांबलं. मुलं काहीच शिकली नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये.

शेवटी ‘पालकांना निवड’. ॲरिझोनाने 2022मध्ये खासगी शाळेची फी भरता येईल असं सरकारी पैशाचं खातं सगळ्याच मुलांना खुलं केलं, आधीपासून खासगी शाळेत असलेल्यांनाही. मागे राहिलेल्या शाळेचं काय होतं? समजा, 20 वर्गांतून दोन-दोन मुलं गेली आणि मुलामागे 8,000 डॉलर गेले. 3,20,000 डॉलर कमी झाले, पण वर्ग 20च राहिले, शिक्षक 20च, बस तेवढीच, बॉयलरही तेवढाच तापणार. पुढच्या वर्षी शाळेला संगीत शिक्षक परवडणार नाही, मग आणखी मुलं जातील. तेव्हा तुम्ही पत्रकार परिषद घेऊन ‘बघा, सरकारी शाळा चालत नाहीत’ असं जाहीर करायला मोकळे.

राहता राहिल्या वह्या, पेन्सिली आणि टिश्यूचे खोके. ते बाईंनी स्वतःच्या पगारातून आणायचे. त्याचीही सोय आहे: 2002पासून शिक्षकांना अशा खर्चावर आयकरात 250 डॉलरपर्यंत वजावट मिळू लागली. 2022मध्ये ती वाढवून 300 केली. नवराही शिक्षक असेल तर त्या वर्षीच्या हिशेबाने दोघांचे मिळून 600, पण एकाच्या खर्चातले उरलेले दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाहीत. पावत्या जपून ठेवायला सांगा.