‘एकच स्टेटमेंट, तिन्ही शाखा’: या मेसेजवर विसंबू नका

ब्रिटनमध्ये शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. शेवटचा भावोजींकडून, खाली "हे खरं आहे का गं?" एवढंच विचारलेलं. मेसेजचा सारांश असा: यूकॅसच्या, म्हणजे तिकडच्या पदवीप्रवेशाचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेच्या, एकाच फॉर्मवर पाच पर्याय देता येतात, तेव्हा दोन आर्किटेक्चरचे, दोन इंजिनिअरिंगचे आणि एक डिझाइनचा टाका. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का शिकायचाय हे सांगणारं अर्जातलं लिखाण, एकच असतं, म्हणून त्यात विषयाचं नाव घेऊ नका. तिन्ही विषय शेवटी एकच, कला अधिक गणित. सर्जनशीलता, गणिताची आवड, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग असं सगळीकडे खपेल ते लिहा. विद्यापीठांना तुमचे बाकीचे पर्याय दिसत नाहीत, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. आता स्टेटमेंटचे तीन प्रश्न झालेत, तर एकेका प्रश्नात एकेक विषय बसवा. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांचा संग्रह, चांगला असला की स्टेटमेंट कोणी वाचत नाही. आणि मिळेल तिथे घ्या, आत गेल्यावर शाखा बदलता येते.

मी पुण्यात आर्किटेक्ट आहे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास ओळखीतल्या मुलांची स्टेटमेंटं वाचून देते. भावोजींना फोनवर सांगितलंच, पण या मेसेजपायी चांगल्या मुलांचे अर्ज पातळ होताना मी पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्यात खरं काय आहे ते. पर्याय जास्तीत जास्त पाच, हे खरं. पाचांना मिळून स्टेटमेंट एकच, हेही खरं. शिक्षकांचं शिफारसपत्रही एकच असतं, ते मात्र मेसेज सांगत नाही. वेगवेगळ्या विषयांना अर्ज करायला यूकॅसची बंदी नाही, हेही बरोबर. पण बंदी नाही म्हणजे निभावतं, असा अर्थ लावला की घोटाळा होतो.

"विषयाचं नाव घेऊ नका." २०२६ च्या प्रवेशापासून स्टेटमेंटचा जुना सलग निबंध गेला आणि तीन प्रश्न आले. पहिलाच प्रश्न असा: हा अभ्यासक्रम किंवा हा विषय तुम्हाला का शिकायचाय? दुसरा: तुमच्या आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी तुमची तयारी कशी झाली? तिसरा: शाळा-कॉलेजबाहेर तुम्ही त्यासाठी आणखी काय केलंत आणि त्याचा उपयोग काय? समोरचा सरळ विषयच विचारतोय, आणि मेसेज म्हणतो विषय सांगू नका. जुन्या पद्धतीत एखादं गोलमोल स्टेटमेंट कदाचित निसटून जात असेल. आता ते पहिल्याच चौकटीत उघडं पडतं.

"तीन प्रश्न, तीन विषय." हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे, कारण तो ऐकायला हुशारीचा वाटतो. तिन्ही उत्तरं प्रत्येक विद्यापीठ वाचतं. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांपुढे पहिल्या उत्तरात आर्किटेक्चरची ओढ, दुसऱ्यात गणित आणि तिसऱ्यात खुर्चीचं डिझाइन आलं, तर त्यांनी निष्कर्ष काय काढायचा? शिवाय जागेचा हिशोब करून बघा. तिन्ही उत्तरांना मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. इंग्रजीत हे साधारण सहाशे-साडेसहाशे शब्द होतात. तीन शाखांत वाटले तर एकीच्या वाट्याला दोनशेच्या आसपास. चार-पाच वर्षं आणि आईवडिलांचे कित्येक लाख ज्या विषयात घालायचे, त्याबद्दल दोनशे शब्द.

"बाकीचे पर्याय दिसत नाहीत, म्हणून कळत नाही." पहिला अर्धा भाग खरा आहे. तुम्ही ऑफरना उत्तर देईपर्यंत एका विद्यापीठाला दुसरीकडचे अर्ज दिसत नाहीत. पण मेसेजनं यातून उलटा अर्थ काढलाय. पर्याय दिसले असते, तर वाचणारा निदान म्हणाला असता की मुलगी आर्किटेक्चरलाही अर्ज करतेय, म्हणून हा परिच्छेद आलाय. त्याला ते दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त स्टेटमेंट असतं, आणि त्यातला परका मजकूर त्याला विनाकारण आलेला वाटतो. न दिसण्यामुळे तुमचं झाकलं जात नाही. तुमची बाजू समजून घ्यायचा एक धागा तेवढा तुटतो.

"तिन्ही विषय शेवटी एकच: कला अधिक गणित." इथे मला जरा थांबायचंय, कारण मूळ गैरसमज हा आहे आणि तो आपल्या घराघरांत आहे.

लंडनचा मिलेनियम ब्रिज घ्या. टेम्स नदीवरचा पादचारी पूल, एका टोकाला टेट मॉडर्न, दुसऱ्या टोकाच्या रोखानं सेंट पॉल्स कॅथेड्रल. आर्किटेक्ट फॉस्टर यांची कंपनी, इंजिनिअर अरूप ही कंपनी, आणि सोबत शिल्पकार अँथनी कॅरो. १० जून २००० रोजी तो खुला झाला. लोक इतके लोटले की पूल आडवा हलायला लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. कारण मोठं विलक्षण होतं. पूल किंचित बाजूला सरकला की चालणारे तोल सावरायला नकळत पावलं त्याच तालात टाकत, त्यामुळे हेलकावा वाढे, आणि वाढलेल्या हेलकाव्यानं आणखी लोकांची पावलं जुळत. अरूपच्या लोकांनी प्रयोग करून हे उलगडलं, ठिकठिकाणी डॅम्पर, म्हणजे हेलकावा शोषून घेणारी उपकरणं, बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा सुरू झाला.

इंजिनिअर व्हायची ओढ असलेलं मूल या गोष्टीत त्या हेलकाव्यावर अडकतं: कंपनाचं गणित काय, वजन किती झाल्यावर सुरू झालं, डॅम्परनं ऊर्जा कुठे गेली? आर्किटेक्ट व्हायची ओढ असलेलं मूल विचारतं की नदी ओलांडताना समोर घुमट ठेवल्यानं चालण्याचा अनुभव कसा बदलतो, आणि पूल इतका सडपातळ का हवा होता? प्रॉडक्ट डिझाइनकडे ओढा असलेल्या मुलाची नजर कठड्याकडे जाते: हात कुठे टेकतो, व्हीलचेअरवरच्या माणसाला पलीकडचं दिसतं का? पूल एकच, तिघांचे प्रश्न वेगळे. तिन्ही प्रश्न पडणारं मूलही असतं, नाही असं नाही. पण सहाशे शब्दांत त्यातला एक प्रश्न खोलवर नेता येतो, आणि वाचणाऱ्याला ती खोलीच बघायची असते.

आपल्याकडे हा गैरसमज का रुजला तेही समजण्यासारखं आहे. इथे मूल त्याच वर्षी एमएचटी-सीईटी देतं, आर्किटेक्चरसाठी नाटा देतं, जेईईचा दुसरा पेपर देतं, डिझाइनसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड देतं. प्रत्येक परीक्षेचं फक्त त्या परीक्षेपुरतं बघितलं जातं. तू तिकडे का बसलीस, असं कोणी विचारत नाही. कॅपच्या, म्हणजे इथल्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फॉर्मवर तर पर्यायांची रांग लावायची सवय आपल्याला लागलेलीच आहे. सतराव्या वर्षी नक्की न ठरणं यात चूक काहीच नाही. आपली पद्धत त्या अनिश्चिततेला जागा देते, यूकॅसचं एकमेव स्टेटमेंट देत नाही. तिकडचा फॉर्म इकडच्या सवयीनं भरला की गडबड होणारच.

"पोर्टफोलिओ असला की स्टेटमेंट कोण वाचतं?" इंजिनिअरिंगला पोर्टफोलिओ सहसा मागतच नाहीत, म्हणजे पाचांतल्या दोन पर्यायांना तो निरुपयोगी. आर्किटेक्चर-डिझाइनला बऱ्याच ठिकाणी आधी अर्ज वाचतात आणि मग निवडक मुलांकडून पोर्टफोलिओ मागवतात. तिथवर तुम्हाला पोचवायचं काम स्टेटमेंटचं. इंजिनिअरिंगपुरतं एक मात्र कबूल केलं पाहिजे: तिथे गणित आणि भौतिकशास्त्राचे गुण स्टेटमेंटपेक्षा भारी पडतात, आणि केंब्रिज-इम्पिरिअलसारख्या ठिकाणी वेगळी प्रवेशपरीक्षाही असते. पण ज्या ठिकाणी सगळ्यांचेच गुण उत्तम, तिथे निवडायचं कशावर?

"आत गेल्यावर शाखा बदला." ही समजूत कुठून आली असावी याचा अंदाज आहे. केंब्रिजला इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं सगळ्यांना बरीचशी सामाईक असतात, मग शाखा निवडायची. पण ती बदली इंजिनिअरिंगच्या घरातल्या घरात. मेकॅनिकलमधून आर्किटेक्चरला जाणं म्हणजे पहिल्या वर्षापासून स्टुडिओत बसणं, कारण ब्रिटनमध्ये आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होण्याचा रूढ मार्ग भाग एक, दोन, तीन असा पायऱ्यांचा आहे आणि मान्यताप्राप्त तीन वर्षांची पदवी ही पहिली पायरी. आपल्या मुलांना शिवाय स्टुडंट व्हिसाच्या अटी. कुणा ओळखीच्या मुलाला बदलून मिळालं असेल, त्याचा आनंदच आहे. त्यावर लाखोंचं कर्ज काढू नये.

मेसेजच्या काही प्रतींच्या खाली एक ‘सगळीकडे चालणारा नमुना’ही जोडलेला असतो. तो अजिबात वापरू नका. यूकॅसकडे मजकुरातलं साम्य शोधणारी यंत्रणा आहे आणि साम्य सापडलं की विद्यापीठांना कळवलं जातं. २००७ मध्ये तिथे स्टेटमेंटं तपासली, तेव्हा २३४ जणांनी लिहिलेलं सापडलं की आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्यानं पायजम्याला भोक पाडलं आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली! आपल्याकडच्या मुलांच्या कच्च्या मसुद्यांत त्या पायजम्याच्या जागी लेगो असतो.

आता भावोजींच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं. तिच्या परवानगीनं लिहितेय. मेसेज वाचूनच तिनं पहिला मसुदा केला होता. पहिलं वाक्य: कला आणि विज्ञान यांचा संगम साधणारी नावीन्यपूर्ण उत्तरं शोधायची मला पहिल्यापासून ओढ आहे. पुढेही तसंच. मी त्याची प्रिंट काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिला तीन हायलायटर दिले. सांगितलं, आर्किटेक्चर शिकवणाऱ्याला ज्या वाक्यावर पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल ते हिरवं कर, इंजिनिअरिंगवाल्याला वाटेल ते पिवळं, डिझाइनवाल्याला वाटेल ते गुलाबी. दहा मिनिटं ती पेन हातात धरून बसली. जवळजवळ सगळा कागद पांढराच राहिला. मग म्हणाली, "मावशी, यातलं कुठलंच वाक्य कुणालाच नाहीये."

रंग लागला तो चारच ओळींना. वाईला आजीच्या वाड्यात मे महिन्यात चौकाकडच्या ओसरीवर दुपारी गार का वाटतं, असा तिला प्रश्न पडला होता. तिनं थर्मामीटर घेऊन सहा दिवस दर दोन तासांनी रस्त्यावरचं, चौकातलं आणि ओसरीवरचं तापमान वहीत लिहिलं, चौकाचा टेपनं मोजून नकाशा काढला, आणि मातीच्या जाड भिंती रात्री गार होऊन दुपारपर्यंत तो गारवा कसा टिकवतात हे शोधून वाचलं. या चार ओळी हिरव्याही झाल्या आणि पिवळ्याही. इमारतीची जागा कशी अनुभवाला येते हे त्यात होतं, आणि उष्णतेचं भौतिकशास्त्रही होतं.

म्हणून माझं म्हणणं "एकच विषय निवडा" असं नाही. एका स्टेटमेंटात शेजारचे विषय नांदतात, लांबचे नांदत नाहीत. आणि असे शेजारी अभ्यासक्रम तिकडे खरोखर आहेत. बाथ विद्यापीठात आर्किटेक्चर आणि सिव्हिल इंजिनिअरिंग एकाच विभागात शिकवतात. शेफील्डला आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरल डिझाइन असा जोड अभ्यासक्रम आहे. ज्याचा ओढा वस्तू आणि यंत्रं यांच्याकडे आहे, त्याच्यासाठी इम्पिरिअलच्या डायसन स्कूलमधलं डिझाइन इंजिनिअरिंग, किंवा ग्लासगो विद्यापीठ आणि ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट मिळून चालवतात ते प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअरिंग. आधी घराणं ठरवायचं, मग त्या घराण्यातले पाच पर्याय शोधायचे, आणि स्टेटमेंट त्यानंतर. मेसेज हा क्रम नेमका उलटा करतो. पाचही पर्याय भरलेच पाहिजेत अशी सक्तीही नाही. आणि एखादा पर्याय फारच वेगळा असेल, तर त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आधी ईमेल करून विचारा, वेगळं स्टेटमेंट थेट पाठवलं तर बघाल का? काही जण हो म्हणतात, काही नाही म्हणतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

भाचीनं शेवटी आर्किटेक्चरचे तीन आणि आर्किटेक्चरल इंजिनिअरिंगचा एक असे चार पर्याय टाकले. पाचवी जागा रिकामी ठेवली. मेकॅनिकलचा विचार मनातून जात नव्हता, म्हणून इकडे एमएचटी-सीईटी देणार आहे. संगमाचं वाक्य गेलं, त्या जागी आता पहिल्याच ओळीत वाड्याचा चौक आहे. तिसऱ्या दिवशी ढग आले, पाऊस शिंतडला आणि तिचा अंदाज साफ चुकला, ही ओळ ती काढून टाकणार होती. मी काढू दिली नाही.