ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे झालं असं नाही

‘जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये सहज आणता येतो’ हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमच्याकडे ग्राहकांची नावं आली, ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीच्या शिल्लक रकमा) आले, पण कोणतं बिल किती थकलंय हा तपशील आलाच नाही. प्रत्येकाच्या नावावर नुसता एक ठोक आकडा! पैसे आले की ते कोणत्या बिलापोटी जमा करायचे, हे दर वेळी जुनी फाइल उघडून शोधायचं. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत होता, त्यामुळे सुरुवातीला कुणाला शंकाही आली नाही.

कृपा करून नुसत्या डेमोवर भुलू नका. विकत घेण्याआधी स्वतःच्याच एका महिन्याच्या नोंदी त्यात घाला आणि येणी-देणी बिलवार जुळवून बघा. सगळा डेटा परत बाहेर काढता येतो का, हेही तेव्हाच तपासा.